पदे घटली, खर्च वाढला: सरकारी नोकरकपात आणि बाहेरच्या सल्लागारांचा हिशेब



एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. एका सरकारी खात्यात १०० माणसे काम करतात. त्यांतली ३० पदे रद्द केली, तर खात्याचा खर्च कितीने कमी होईल? वर्गात हा प्रश्न विचारला की उत्तर लगेच येते: "तीस जणांच्या पगाराइतका." इतक्या चटकन आलेल्या उत्तराकडे जरा संशयाने पाहावे. तीस माणसे गेली हे खरे, पण ती जे काम करत होती ते काम गेले का? आलेले अर्ज तपासायचेच आहेत, पगारपत्रके काढायचीच आहेत, पुलाचे आराखडे तपासायचेच आहेत. काम उरले आणि माणसे गेली, तर ते काम कुणीतरी करणार आणि त्याचे पैसे कुठल्यातरी खात्यावर पडणार.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू. पदकपातीनंतर खर्च नेमका कुठे जातो, तो मोजायचा कसा, आणि बाहेरचा सल्लागार नेमणे केव्हा योग्य ठरते. उदाहरणे मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या दोन देशांतली आहेत. तिथे या विषयाची सरकारी चौकशी झाली आणि आकडे जाहीर झाले, त्यामुळे आपल्याला अंदाजावर बोलावे लागत नाही. गणित आठवी-नववीचेच आहे. अवघड आहे ते त्यात काय काय धरायचे हे ठरवणे.

१. आधी शब्द नीट समजून घेऊ

"बाहेरची माणसे" हा शब्द सैल आहे. त्यात तीन वेगळे प्रकार येतात.

(अ) कंत्राटी मनुष्यबळ: माणूस खात्याच्याच कार्यालयात, खात्याच्याच साहेबाच्या हाताखाली बसतो. पगार मात्र त्याला मनुष्यबळ पुरवणारी कंपनी देते, आणि ती कंपनी खात्याला बिल लावते.

(आ) बाह्य सेवा पुरवठादार: एखादे संपूर्ण कामच बाहेर दिलेले असते. उदाहरणार्थ, दूरध्वनी मदत केंद्र, संगणक यंत्रणेची देखभाल, इमारतींची देखरेख.

(इ) सल्लागार: हा सल्ला देतो, अभ्यास करतो, अहवाल लिहितो. निर्णय घेण्याची जबाबदारी कागदोपत्री खात्याकडेच राहते.

वर्तमानपत्रांत या तिन्हींना सरसकट "सल्लागार" म्हटले जाते. हिशेब करताना तसे करू नका. तिघांचे दर वेगळे, कामाचे स्वरूप वेगळे आणि धोकेही वेगळे.

२. ऑस्ट्रेलिया: डोकी मोजली, पैसे मोजायचे राहिले

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात एक मर्यादा घातली. सैन्यदले वगळता सरकारी कर्मचाऱ्यांची सरासरी संख्या २००६-०७ च्या पातळीच्या, म्हणजे सुमारे १ लाख ६७ हजार ६०० च्या, आसपासच ठेवायची. मधल्या काळात देशाची लोकसंख्या वाढली होती आणि योजनाही वाढल्या होत्या. संख्या मात्र तीच राहणार होती.

या मर्यादेची रचना नीट पाहा. ती मोजत होती फक्त खात्याच्या स्वतःच्या पगारपत्रकावरची माणसे. कंत्राटी मनुष्यबळ, बाहेरचे पुरवठादार आणि सल्लागार तिच्यात धरलेच जात नव्हते. त्यामुळे एखाद्या खातेप्रमुखाकडे काम वाढले, हाताशी पैसेही असले, तरी त्याला नवा कर्मचारी नेमता येत नसे. बाहेरून माणूस आणला तर मात्र कुणी अडवत नसे. इष्टतमीकरणाच्या तासाला आपण हेच शिकतो. एका चलावर बंधन घातले आणि दुसरे मोकळे सोडले, की उत्तर मोकळ्या चलाकडे सरकते. यात त्या खातेप्रमुखाने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. नियमाने जी वाट मोकळी ठेवली, तिने तो गेला.

डेव्हिड थोडी यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन सार्वजनिक सेवेचा आढावा घेतला आणि ही मर्यादा काढावी असे सुचवले. ती लगेच निघाली नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले, तेव्हा ती रद्द झाली. नव्या सरकारने मग एक सोपी पण आधी कुणी न केलेली गोष्ट केली. बाहेरची माणसे किती आहेत, हे प्रत्येक खात्याला विचारून मोजले. मे २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०२१-२२ या एका वर्षात बाहेरच्या मनुष्यबळावर २,०८० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले होते. पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने ही माणसे सुमारे ५४ हजार भरत होती. सार्वजनिक सेवेतल्या कायम कर्मचाऱ्यांशी तुलना केली, तर हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या घरात जाते. कागदावर सरकार लहान दिसत होते आणि शेजारी दुसरे, न मोजलेले सरकार उभे राहिले होते.

इथे एक भागाकार करून पाहू. २,०८० कोटी भागिले ५४ हजार म्हणजे माणशी वर्षाला सुमारे ३ लाख ८५ हजार डॉलर. हा आकडा पाहून "बाहेरच्या माणसाला एवढा पगार!" असे म्हणाल, तर चूक होईल. या रकमेत त्या कंपनीचे कार्यालय, यंत्रसामग्री, व्यवस्थापन आणि नफा हे सगळे आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हातात त्यातला काही भागच पडतो. शिवाय या ५४ हजारांत सेवा पुरवठादारांची माणसे बरीच आहेत आणि काटेकोर अर्थाने सल्लागार म्हणावेत असे कमी आहेत. तेव्हा सरासरीवरून कुणाला दोष देऊ नका. ती एवढेच सांगते, की बाहेरच्या माणसाची किंमत ठरवताना पगाराकडे पाहून भागत नाही, बिलाकडे पाहावे लागते.

३. न उघडलेले ४१ हजार अर्ज

मर्यादेचा परिणाम पैशांपुरताच राहिला असता, तर हा विषय लेखापालांवर सोडून देता आला असता. तसे झाले नाही. ऑस्ट्रेलियात माजी सैनिकांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र खाते आहे. सेवेत जखमी झालेले, मानसिक आघात झालेले सैनिक नुकसानभरपाईसाठी आणि उपचारांसाठी तिथे अर्ज करतात. या खात्याचे बरेच काम कंत्राटी मनुष्यबळाकडून होत असे. माणूस येई, कायदे शिकायला काही महिने घेई, आणि हात बसेपर्यंत त्याचे कंत्राट संपे.

सैनिक आणि माजी सैनिकांच्या आत्महत्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये अंतरिम अहवाल दिला. ३१ मे २०२२ रोजी ४१,७९९ अर्ज असे होते, जे अजून कुठल्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर गेले नव्हते. ते नाकारलेले नव्हते की मंजूरही नव्हते. कुणी ते हातातच घेतले नव्हते. आयोगाने ही थकबाकी संपवण्यासाठी ३१ मार्च २०२४ ची मुदत सुचवली आणि या खात्यावरची कर्मचारी मर्यादा उठवण्याची शिफारस केली. सरकारने ५०० जादा कर्मचाऱ्यांसाठी तरतूद केली. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत त्या अर्जांचा ढीग उपसला गेला.

हे उदाहरण लक्षात ठेवा. पदकपातीची किंमत प्रत्येक वेळी बिलात दिसत नाही. कधी ती रांगेत थांबलेला माणूस मोजतो.

४. कॅनडा: पगार काढणारी यंत्रणाच कोसळते तेव्हा

दुसरे उदाहरण तुमच्या जास्त जवळचे आहे, कारण ते सॉफ्टवेअर प्रकल्पाचे आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारची पगार यंत्रणा चाळीस वर्षांची जुनी झाली होती. २००९ मध्ये ती बदलण्याची योजना मंजूर झाली. एकूण खर्च ३१ कोटी कॅनेडियन डॉलर, त्यातले १५.५ कोटी नव्या सॉफ्टवेअरसाठी. उरलेले पैसे वेगवेगळ्या खात्यांतले पगाराचे काम एका ठिकाणी आणण्यासाठी होते. ते ठिकाण म्हणजे न्यू ब्रन्सविक प्रांतातले मिरामिशी हे छोटे गाव. यंत्रणेचे नाव फिनिक्स. ती उभारण्याचे कंत्राट २०११ मध्ये आयबीएमला मिळाले. त्या बदल्यात वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असे गृहीत धरले होते.

ही बचत येणार कुठून? ४६ खात्यांतली सुमारे १,२०० वेतन सल्लागारांची पदे रद्द करून. "वेतन सल्लागार" म्हणजे बाहेरचा सल्लागार नव्हे. हे सरकारचेच कारकून, आपल्याकडच्या आस्थापना शाखेत बसून पगारपत्रक सांभाळणाऱ्यांसारखे. त्यांच्या जागी मिरामिशीत ४६० वेतन सल्लागार आणि सुमारे ९० साहाय्यक नेमले गेले. जुने, अनुभवी लोक बहुतेक तिकडे गेले नाहीत. नव्या माणसांना हे काम मुळापासून शिकावे लागले. आणि ही पदे नवी यंत्रणा चालू होऊन स्थिरावल्यावर नव्हे, तर ती चालू होण्याआधीच कमी झाली.

आता काम किती गुंतागुंतीचे होते ते पाहा. १०१ खाती आणि संस्था, सुमारे २ लाख ९० हजार कर्मचारी, आणि पगाराचे सुमारे ८० हजार नियम. रात्रपाळीचा भत्ता, वरच्या पदाचा तात्पुरता कार्यभार, बाळंतपणाची रजा, मागील तारखेपासून लागू झालेली वेतनवाढ. यातल्या कितीतरी खाचाखोचा लिखित नियमांत होत्या, पण त्या कशा लावायच्या हे त्या १,२०० माणसांच्या डोक्यात होते.

२०१२ मध्ये आयबीएमने सरकारला कळवले, की सगळ्या गरजा पुऱ्या करायच्या तर २७.४ कोटी लागतील. मंजुरी होती १५.५ कोटींची. अशा वेळी प्रकल्प चालवणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: जास्त पैसे मागणे, मुदत वाढवणे किंवा काम कमी करणे. प्रकल्पाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तिसरी वाट धरली. काही सुविधा वगळल्या, काही पुढे ढकलल्या. मागील तारखेपासूनच्या पगाराची आकारणी हे महत्त्वाचे कामही त्यात गेले. चाचण्या कमी केल्या. आधी एखाद्या खात्यात प्रायोगिक वापर करायचा बेत होता, तोही रद्द केला. सरकारच्या वित्तीय मंडळाच्या सचिवालयाने गार्टनर या सल्लागार संस्थेकडून एक अहवाल करून घेतला होता. टप्प्याटप्प्याने जा, जुनी यंत्रणा समांतर चालू ठेवा, असे त्यात फेब्रुवारी २०१६ मध्येच सांगितले होते. तो सल्ला बाजूला राहिला. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिल्या ३४ खात्यांत आणि २१ एप्रिल रोजी उरलेल्या ६७ खात्यांत फिनिक्स चालू झाले.

पुढे काय झाले ते महालेखापरीक्षकांच्या अहवालांत नोंदवलेले आहे. जून २०१७ अखेर दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगारविषयक तक्रारी किंवा विनंत्या प्रलंबित होत्या. कमी दिलेल्या आणि जास्त दिलेल्या रकमांची बेरीज ५२ कोटी डॉलरच्या वर गेली होती. कुणाला पगार मिळालाच नाही, कुणाला अर्धा, कुणाला दुप्पट. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या स्त्रिया आणि हंगामी कर्मचारी जास्त भरडले गेले, कारण त्यांचीच प्रकरणे नेहमीपेक्षा वेगळी होती. ज्यांना जास्त रक्कम आली त्यांची कटकट निराळीच. करापोटी कापलेली, म्हणजे हातात कधी न आलेली रक्कमही त्यांच्याकडून परत मागितली गेली. पुढे त्यासाठी करकायदा बदलावा लागला.

आयबीएमचे कंत्राट सुरुवातीला ५७ लाख डॉलरचे होते. दुरुस्त्या होत होत ते १८.५ कोटींवर पोहोचले. २०१८ च्या अर्थसंकल्पात फिनिक्सची डागडुजी करण्यासाठी सहा वर्षांत मिळून ४३.१ कोटींची तरतूद दाखवली गेली. त्याच अर्थसंकल्पात फिनिक्सच्या जागी दुसरी यंत्रणा शोधायला आणखी १.६ कोटी ठेवले गेले. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी या प्रकल्पाचे वर्णन "अनाकलनीय अपयश" या अर्थाच्या शब्दांत केले. त्यांचा ठपका मुख्यतः सरकारी प्रकल्प अधिकाऱ्यांवर होता, ठेकेदारावर नव्हे.

याहून खेदाची गोष्ट म्हणजे असा अपघात आधी झालेला होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यात मार्च २०१० मध्ये नवी पगार यंत्रणा आली आणि हजारो परिचारिका आणि डॉक्टरांचे पगार चुकले. तिथेही मुख्य ठेकेदार आयबीएमच होती. एकूण खर्च १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर जाईल असा अंदाज निघाला. त्या प्रकरणाचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कॅनडाची यंत्रणा सुरू झाली त्यानंतर तीन वर्षांनी.

आता आपला हिशेब. मूळ प्रकल्पाचे ३१ कोटी आणि नुसत्या २०१८ च्या तरतुदीचे ४३.१ कोटी मिळून ७४.१ कोटी. वर्षाला ७ कोटींची बचत खरोखर झाली असती, तरी हे पैसे भरून यायला साडेदहा वर्षे लागली असती. आणि ती बचत झालीच नाही, कारण निस्तरण्यासाठी पुन्हा शेकडो माणसे नेमावी लागली.

५. हिशेब मांडायचा कसा

आता एक काल्पनिक खाते घेऊ. हे आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. कुठल्याही खऱ्या खात्याचे नाहीत.

रद्द केलेली पदे: १००.
एका कर्मचाऱ्याचा वर्षाचा पूर्ण खर्च: १२ लाख रुपये. यात पगार, भत्ते, निवृत्तिवेतनाची तरतूद आणि कार्यालयाचा वाटा आला.
दिसणारी बचत: वर्षाला १२ कोटी.
बाहेरच्या माणसाचे वर्षाचे बिल: २५ लाख.
कंत्राटावर देखरेख करण्यासाठी ठेवावी लागणारी खात्याची माणसे: ६, म्हणजे ७२ लाख.

यातली शेवटची ओळ बहुतेक प्रस्तावांत नसते. निविदा काढणे, अटी लिहिणे, आलेले काम तपासणे, बिले मंजूर करणे, वाद मिटवणे यांनाही माणसे लागतात.

१२ कोटींतून ७२ लाख वजा केले की उरले ११.२८ कोटी. त्याला २५ लाखांनी भागले की येतात ४५. याचा अर्थ असा, की गेलेल्या १०० माणसांच्या कामापैकी ४५ माणसांचे काम बाहेरून परत आणावे लागले, तर बचत शून्य. ६० माणसांचे काम परत आले, तर खर्च १५.७२ कोटी, म्हणजे वर्षाला ३.७२ कोटींचा तोटा. ३० माणसांचेच परत आले, तर खर्च ८.२२ कोटी आणि बचत ३.७८ कोटी. पण जाणाऱ्यांना एकरकमी ८ कोटी द्यावे लागले असतील, तर ही बचत पहिली दोन वर्षे तेच भरण्यात जाईल.

हेच सूत्रात मांडू. कामाचा जो भाग परत आणावा लागतो तो "क", बाहेरच्या आणि आतल्या दराचे गुणोत्तर "ग", आणि देखरेखीच्या खर्चाचे मूळ बचतीशी प्रमाण "द" धरा. मग बचत तेव्हाच होते, जेव्हा

क × ग + द हे १ पेक्षा कमी असते.

आपल्या उदाहरणात ग = २.०८ आणि द = ०.०६. म्हणून क हा ०.४५ पेक्षा कमी हवा. दुसऱ्या शब्दांत, निम्म्याहून जास्त काम खरोखरच नाहीसे झाले पाहिजे. प्रक्रिया सोपी झाली, अनावश्यक परवाना रद्द झाला, संगणकाने खरोखर काम उचलले, तर ते नाहीसे होते. नुसते पद रद्द केल्याने होत नाही. म्हणून कपातीचा कुठलाही प्रस्ताव वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: माणूस जातोय, त्याचे काम कुठे जातेय?

हेच सूत्र उलट बाजूनेही वापरा. काम वर्षातून चारच महिने असेल, तर बाहेरच्या माणसाला साधारण ८.३३ लाख द्यावे लागतील. त्यासाठी कायम पद निर्माण केले, तर १२ लाख. या आकड्यांवरून वर्षाला पावणेसहा महिन्यांहून कमी चालणाऱ्या कामासाठी बाहेरचा माणूस स्वस्त पडतो. तेव्हा "बाहेरचे म्हणजे महागच" हाही आंधळा नियमच झाला.

६. ताळेबंदात न दिसणारे दोन खर्च

पहिला खर्च ज्ञानाचा. लिहून ठेवलेले ज्ञान संगणकात टाकता येते. अमुक प्रकरणात तमुक नियम का लागत नाही, हे अनुभवाने कळते आणि माणसाबरोबर निघून जाते. त्याहून गंभीर म्हणजे खात्यात जाणते कुणी उरलेच नाही, तर सल्लागाराने दिलेले काम बरे की वाईट हे ठरवणार कोण? मग ते तपासायला दुसरा सल्लागार लागतो. घर बांधताना आपल्याला स्वतःला गवंडीकाम येण्याची गरज नसते, पण भिंत ओळंब्यात आहे की नाही हे कळणारे घरात कुणीतरी लागते. सरकारलाही असे जाणते गिऱ्हाईक राहावे लागते. फिनिक्सच्या वेळी गार्टनरचा सल्ला बरोबर होता. तो ऐकून थांबायचे ठरवील असे कुणी निर्णयाच्या जागी नव्हते.

दुसरा खर्च हितसंबंधांचा. बहुराष्ट्रीय कंपन्यांची करचुकवेगिरी रोखण्यासाठी ऑस्ट्रेलिया कायदा करत होता. त्या चर्चेत पीडब्ल्यूसी या संस्थेचा एक भागीदार सरकारला सल्ला देत होता, आणि गोपनीयतेच्या करारावर त्याची सही होती. ती गोपनीय माहिती त्याच्या संस्थेत इतरांपर्यंत पोहोचली आणि ज्या कंपन्यांना तो कायदा लागू होणार होता, त्यांना गिऱ्हाईक करण्यासाठी वापरली गेली. कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. प्रकरण उघड झाले २०२३ मध्ये. मे महिन्यात संस्थेतली पत्रे संसदेसमोर आली, संस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रमुखांना पद सोडावे लागले. शेवटी संस्थेने तिथला सरकारी सल्ल्याचा व्यवसाय एका गुंतवणूक कंपनीला अवघ्या एका डॉलरला विकून टाकला. याची किंमत बिलात कुठे लिहाल?

७. मग सल्लागार नकोतच का?

तसे नाही, आणि याचे चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडे असे काम केलेली माणसे फार थोडी होती. म्हणून दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाने जपानच्या पॅसिफिक कन्सल्टंट्स इंटरनॅशनलच्या नेतृत्वाखालील एका सल्लागार गटाला नेमले. आपली राइट्सही त्यात होती. पण ई. श्रीधरन यांनी महामंडळात स्वतःच्या अभियंत्यांची लहान पण पक्की फळी ठेवली. निर्णय त्यांचे, जबाबदारी त्यांची. ते परदेशी तज्ज्ञांच्या शेजारी बसून शिकले. पुढे हेच महामंडळ इतरांचे सल्लागार झाले. कोचीची मेट्रो त्याने उभारली, नागपूर आणि पुणे मेट्रोचे सविस्तर प्रकल्प अहवाल त्याने तयार केले, ढाक्याच्या मेट्रोच्या सल्लागार गटातही ते होते. सल्लागाराला दिलेले पैसे इथे खर्ची पडले नाहीत, गुंतले.

आपल्या केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियमही हेच तत्त्व सांगतात. ज्या कामासाठी खात्याकडे आवश्यक तज्ज्ञता नाही, अशा कामासाठी सल्लागार नेमावा. म्हणजे सल्लागार नेमण्याचे कारण तज्ज्ञतेची उणीव हे असावे. पदे रिकामी ठेवली म्हणून पडलेली पोकळी हे वेगळे कारण आहे, आणि तसे ते उघड म्हणायला हवे.

एखादा प्रस्ताव तुमच्यासमोर आला, तर हे पाच प्रश्न विचारा.

१) हे काम तात्पुरते आहे की दरवर्षीचे?
२) तुलना पगाराशी केली आहे की पूर्ण खर्चाशी? देखरेख धरली आहे का?
३) कंत्राट संपल्यावर काय मागे उरेल: नुसता अहवाल, की काम येणारी माणसेही?
४) मिळालेले काम तपासू शकेल असे खात्यात कोण आहे?
५) या सल्लागाराचे दुसरे गिऱ्हाईक कोण, आणि त्याचे हित आपल्याविरुद्ध जाते का?

८. सारांश

पदांची संख्या आणि कामाचा खर्च या दोन वेगळ्या राशी आहेत. फक्त पहिलीवर बंधन घातले, तर दुसरी न दिसणाऱ्या वाटेने वाढू शकते. काम नाहीसे झाले तरच बचत टिकते. जुनी माणसे काढायची असतील, तर नवी यंत्रणा आधी उभी राहून सिद्ध झाली पाहिजे. आणि सल्लागार कितीही हुशार असला, तरी त्याचे ऐकून घेणारे आणि गरज पडली तर त्याला नाही म्हणणारे जाणते माणूस खात्यात लागतेच.

तुमच्यापैकी काही जण उद्या मोठ्या सल्लागार संस्थांत जातील आणि काही जण सरकारी सेवेत. टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसलात तरी त्या टेबलावरच्या कागदाखाली कुणाचा तरी पगार, कुणाचा तरी अर्ज असतो. हिशेब करताना तोही धरा.

स्वाध्याय

१) कलम ५ मधील उदाहरणात बाहेरच्या माणसाचे बिल २५ लाखांऐवजी १८ लाख धरा. किती माणसांचे काम परत आले, तर बचत शून्य होईल? (उत्तर: सुमारे ६३)

२) देखरेखीसाठी ६ ऐवजी १५ माणसे लागली, तर मूळ उदाहरणातला आकडा ४५ वरून किती होईल? (उत्तर: सुमारे ४१)

३) फिनिक्स प्रकल्पात पैसे कमी पडल्यावर अधिकाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या. तुम्ही तिथे असता तर कुठली निवडली असती? वरिष्ठांना पाठवायचे एक पानी टिपण लिहा.

४) तुमच्या महाविद्यालयात गेल्या काही वर्षांत बाहेर दिलेले एखादे काम घ्या: सफाई, संगणक देखभाल किंवा सुरक्षा. पाच प्रश्नांच्या आधारे त्याची तपासणी करा आणि ते काम करणाऱ्यांशी बोलायला विसरू नका.